साथीचें चक्रवाढ व्याज

चक्रवाढ व्याजाचीं उदाहरणें सोडवीत असतां विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढें बहुधा सावकार आणि ऋणको हे दोघेच उभे राहतात. मुदलावर व्याज, त्या व्याजावर पुन्हां व्याज, आणि पाहतां पाहतां शेंदोनशें रुपयांच्या कर्जाचा डोंगर, हें चित्र आमच्या आजोबा-पणजोबांच्या पिढीनें अंकगणिताच्या पुस्तकांत पाहण्याआधीं आपल्या शेताच्या गहाणखतांत पाहिलें होतें. परंतु याच हिशेबानें वाढणारी आणखी एक गोष्ट जगांत आहे, आणि ती कोणत्याही सावकारापेक्षां निष्ठुर आहे. ती म्हणजे नव्या सांसर्गिक रोगाची साथ. या साथीच्या आरंभींच्या वाढीचें गणित प्रत्येक विद्यार्थ्यास व प्रत्येक पालकास निदान ढोबळ मानानें समजलें पाहिजे, असें आमचें स्पष्ट मत आहे. आणि तें कां, हें सांगण्यासाठीं या अंकाचीं थोडीं पानें आम्हीं मागून घेतलीं आहेत.

सन २०२० मध्यें कोविडच्या साथीमुळें शाळांचे दरवाजे बंद झाले, तेव्हां घरोघर सकाळीं प्रथम रोग्यांचे आकडे वाचले जात. त्या दिवसांत गणितज्ञांविषयीं दोन प्रकारचीं मतें ऐकूं येत. कित्येक लोक त्यांस ज्योतिषी समजून 'साथ कोणत्या तारखेस संपणार?' असें विचारीत. आणि सांगितलेली तारीख टळून गेली, कीं दुसरे म्हणत, 'हे सारे थापाडे! यांचें एक तरी भाकीत खरें झालें आहे काय?' आमच्या मतें हे दोन्ही पक्ष सारखेच चुकले. साथीचें गणित म्हणजे जन्मपत्रिका नव्हे, आणि तें थापही नव्हे. मग तें आहे तरी काय, हें पाहण्यास प्रथम एक लहानसें उदाहरण घेऊं.

अशी कल्पना करा, कीं एका शाळेंत १०२४ विद्यार्थी आहेत व त्यांपैकीं एकास असा रोग जडला आहे, कीं ज्याच्या रोग्यांची एकूण संख्या दर आठवड्यास दुप्पट होते. पहिल्या आठवड्याच्या अखेरीस दोन, दुसऱ्याच्या अखेरीस चार, तिसऱ्याच्या अखेरीस आठ. आणि पांचव्या आठवड्याच्या अखेरीस अवघे ३२. एवढ्या मोठ्या शाळेंत ३२ मुलें आजारी पडलीं, तर त्यांत काय मोठेंसें, असें कोणीही म्हणेल. त्रैराशिक मांडणारा विद्यार्थी म्हणेल, पांच आठवड्यांत ३२, तर दहा आठवड्यांत ६४. परंतु दुपटीच्या रीतीनें दहाव्या आठवड्याच्या अखेरीस आकडा होतो १०२४, म्हणजे सारी शाळा! आणि याहूनही विलक्षण गोष्ट ही, कीं नवव्या आठवड्याच्या अखेरीस अर्धी शाळा अद्यापि निरोगी असते. सारा अनर्थ शेवटल्या आठवड्यांत ओढवतो.

खरी साथ इतक्या सरळ चालीनें चालत नाहीं, हें आम्ही जाणतों. बरींच मुलें आजारी पडून गेलीं, म्हणजे रोगास नवें गिऱ्हाईक मिळेनासें होतें व वाढ मंदावते. परंतु आरंभीं, जेव्हां बहुतेक सर्वच जण धोक्यांत असतात, तेव्हां हीच रीति बरीचशी लागू पडते. रोग अगदीं नवा असला तर ती अधिकच लागू पडते. कारण ज्याच्याशीं पूर्वीं कधीं गांठ पडली नाहीं, त्या रोगाविरुद्ध फारच थोड्यांच्या अंगांत प्रतिकारशक्ति असते. यावरून पहिला धडा असा, कीं साथ थोपवावयाची ती ३२ रोगी असतांना; ५१२ झाल्यावर तिला आवर घालणें फार कठीण. आणि दुर्दैव हें, कीं ३२ असतांना ती कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीं. तेव्हां ती दिसते ती हिशेब मांडणाऱ्यासच.

डोळ्यांस न दिसणारें गणितास दिसतें, हें आमचें म्हणणें कोणास अतिशयोक्तीचें वाटेल. म्हणून आपल्याच देशांतील एक घडलेली गोष्ट सांगतों. अँडरसन ग्रे मॅकेंड्रिक या नांवाचे एक स्कॉटिश डॉक्टर इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्यें होते. मलेरियाचा डांसांशीं संबंध सिद्ध करणारे, व पुढें त्याचें गणित मांडणारे, सर रोनाल्ड रॉस यांच्या सहवासांत त्यांस या विषयाची गोडी लागली. सन १९२६ मध्यें प्रसिद्ध केलेल्या एका निबंधांत मॅकेंड्रिक यांनीं हिंदुस्थानांतील एका खेड्यांत झालेल्या पटकीच्या साथीचा विचार केला आहे. खेड्यांत घरें २२३. त्यांपैकीं १६८ घरांत एकही रोगी नव्हता. ३२ घरांत एकेक, १६ घरांत दोन-दोन, ६ घरांत तीन-तीन, आणि एका घरांत चार. एकूण रोगी ८६.

आतां हा रोग साऱ्या गांवावर सारखाच विखुरला असता, तर एकेक रोग्याचीं घरें याहून पुष्कळ अधिक, आणि तीन-तीन रोग्यांचीं घरें पुष्कळ कमी निघावयास हवीं होतीं. मग हे आकडे कशाशीं जुळतात? मॅकेंड्रिक यांनीं हिशेब करून पाहिलें, तों असें निघालें, कीं धोका सुमारें ९३ घरांसच असावा. बाकीचीं घरें त्या रोगाच्या वाटेवर नव्हतींच. यावरून त्यांनीं अनुमान केलें, कीं रोग पाण्यांतून पसरला असावा, गांवांत अनेक विहिरी असाव्या, आणि हीं ९३ घरें त्यांपैकीं एकाच दूषित विहिरीचें पाणी भरीत असावीं. स्थानिक चौकशी करतां तसेंच आढळून आलें, असें त्यांनीं नमूद केलें आहे. कागदावरील पांच आकड्यांनीं विहीर दाखवून दिली!

याच मॅकेंड्रिक यांच्या नांवाशीं आमच्या मुंबईचेंही नांव कायमचें जोडलें गेलें आहे. सन १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकासियो व्हिएगस यांनीं प्लेग ओळखला, आणि पुढें कित्येक वर्षें हा रोग शहरांत पुन्हां पुन्हां डोकें वर काढीत राहिला. १७ डिसेंबर १९०५ पासून २१ जुलै १९०६ पर्यंत मुंबईंत प्लेगनें दर आठवड्यास किती माणसें दगावलीं, त्याच्या नोंदी ठेवलेल्या होत्या. त्या नोंदींचा उपयोग एडिंबर्ग येथें मॅकेंड्रिक व त्यांचे तरुण सहकारी विल्यम कर्मॅक या दोघांनीं केला. कर्मॅक यांची दृष्टि १९२४ सालीं प्रयोगशाळेंतील एका अपघातांत गेली होती. परंतु त्यामुळें त्यांचें संशोधन थांबलें नाहीं. या दोघांनीं १९२७ सालीं लिहिलेला निबंध आजही या शास्त्राचा पाया मानला जातो.

त्यांची कल्पना शाळकरी मुलासही समजेल इतकी सोपी आहे. लोकांचे तीन वर्ग करावे: ज्यांस रोग होऊं शकेल ते, ज्यांस तो झाला आहे ते, आणि जे बरे होऊन किंवा मृत्यु पावून या हिशेबांतून बाहेर पडले ते. पहिल्या वर्गांतून दुसऱ्यांत, व दुसऱ्यांतून तिसऱ्यांत माणसें कोणत्या वेगानें जातात, एवढेंच त्यांनीं समीकरणांत मांडलें. मुंबईच्या प्लेगसाठीं त्यांतून जी वक्ररेषा निघाली, ती हळूहळू चढते, दर आठवड्यास सुमारें ८९० मृत्यु या शिखरास पोंचते आणि मग उतरते. आणि मुंबईचे खरे आकडे तिच्या इतके जवळ बसले, कीं पाहणाऱ्यानें थक्क व्हावें. या समीकरणांतून एक मोठी गोष्ट हातीं आली. साथ संपण्यास गांवांतील प्रत्येक माणूस आजारी पडावा लागतो असें नाहीं. धोक्यांतील माणसांची संख्या एका ठराविक मर्यादेखालीं आली, कीं एका रोग्यामागें एक नवा रोगीही निर्माण होत नाहीं, आणि साथ ओसरूं लागते.

परंतु याच उदाहरणांत दुसरा धडाही आहे, व तो विद्यार्थ्यांनीं विसरूं नये. मुंबईंतील प्लेग हा मुळांत उंदरांचा रोग. उंदरांवरील पिसवा तो माणसांस देत. माणसांतील प्लेग हें उंदरांतील प्लेगचें प्रतिबिंब होय, हें त्या दोघांनीं आपल्या निबंधांतच सांगून ठेवलें होतें. शिवाय मुंबईंत ही साथ ठराविक ऋतूंत चढत असे व उन्हाळा सरतांना उतरत असे. ऋतूचा हा फेरा त्या साध्या समीकरणांत कोठेंच नव्हता. म्हणजे रेषा जुळली, एवढ्यावरून कारणही जुळलें असें म्हणतां येत नाहीं. उत्तर पुस्तकाच्या मागील पानाशीं जुळलें, पण रीति चुकली, तर गणिताचे शिक्षक पुरे गुण देत नाहींत, हें आमच्या विद्यार्थ्यांस सांगावयास नकोच!

आतां अलीकडील एक उदाहरण पाहूं. सन २०२० च्या जानेवारींत चीनमधील वूहान शहरीं एका नव्या रोगानें लोक न्यूमोनिया होऊन आजारी पडत होते. १६ जानेवारीपर्यंत जाहीर झालेला आकडा होता केवळ ४१. परंतु तोंवर चीनच्या बाहेर तीन रोगी सांपडले होते, दोन थायलंडांत व एक जपानांत. आणि तिघेही वूहानहून आलेले. लंडनच्या इंपीरियल कॉलेजांतील संशोधकांनीं असा विचार केला. वूहानच्या विमानतळाचा उपयोग करणाऱ्या मुलुखाची वस्ती सुमारें १ कोटी ९० लाख. तेथून परदेशीं जाणारे उतारू रोज सुमारें ३३०१. आणि रोग जडल्यापासून तो ओळखला जाईपर्यंतचे दिवस सुमारें १०. म्हणजे दहा दिवसांत ३३,०१० उतारू, अर्थात् दर ५७५ माणसांत एक. परदेशीं सांपडलेल्या एका रोग्यामागें जर वूहानकडे ५७५ रोगी असतील, तर तिघांमागें किती? येथें मात्र त्रैराशिकच उपयोगीं पडतें. उत्तर येतें १७२५. त्या संशोधकांनीं १७ जानेवारीस प्रसिद्ध केलेला, १२ जानेवारीपर्यंतच्या रोग्यांचा अंदाज होता १७२३.

विद्यार्थीमित्रहो, या आकड्यापेक्षां त्याच्या शेजारीं लिहिलेली गोष्ट आम्हांस अधिक मोलाची वाटते. खरा आकडा ४२७ पासून ४४७१ पर्यंत कोठेंही असूं शकेल, असें त्यांनीं तेथेंच लिहून ठेवलें होतें. केवळ तीन रोग्यांवर उभारलेलें अनुमान किती डळमळीत आहे, हें त्यांनीं झांकलें नाहीं. आणि तरीही त्यांतून निघणारा अर्थ डळमळीत नव्हता. कारण अगदीं खालचें टोक धरलें, तरी तें ४१ च्या दहापट होतें. आपणांस किती ठाऊक नाहीं, हेंही मोजून सांगणें, ही या विद्येची खरी सचोटी आहे. ज्योतिषी असें कधीं सांगत नाहीं, आणि थापाड्या तर नाहींच नाहीं.

त्याच महिन्याच्या अखेरीस चिनी संशोधकांनीं पहिल्या ४२५ रोग्यांच्या अभ्यासावरून आणखी दोन आकडे दिले. रोगी सुमारें ७.४ दिवसांत दुप्पट होत होते, व एक रोगी सरासरीनें २.२ माणसांस रोग देत होता. या दुसऱ्या आकड्यास आपण प्रसारांक म्हणूं. प्रसारांक एकाहून अधिक असेल तर साथ भडकते, एकाहून कमी असेल तर विझते. आतां लोकांनीं आपल्या भेटीगांठी शंभरांतून ५५ नीं कमी केल्या, तर २.२ च्या जागीं काय उरेल? २.२ गुणिले ०.४५, म्हणजे ०.९९. साथ विझविण्यास सारें जग थांबवावें लागतेंच असें नाहीं. प्रसारांक एकाच्या खालीं आणावा लागतो. अर्थात् हे आरंभींचे आकडे कच्चे होते. पुढील पुष्कळ अभ्यासांत प्रसारांक याहून मोठा निघाला, आणि मग अधिक भेटी टाळणें भाग होतें. परंतु पुष्कळ थांबावें कीं थोडें, या प्रश्नास उत्तर असतें, व तें वादविवादानें नव्हे तर मोजणीनें मिळतें, हें या लहानशा गुणाकारावरून ध्यानीं येईल.

येथें कोणी पालक विचारतील, 'मग यांचे अंदाज इतके चुकतात कसे?' प्रश्न रास्त आहे, आणि त्यास बगल देणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. सन २०१४ मध्यें पश्चिम आफ्रिकेंत इबोलाची भयंकर साथ आली. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रांनीं त्या सप्टेंबरांत अंदाज प्रसिद्ध केला, कीं अधिक उपाय न झाल्यास व लोकांच्या वागणुकींत बदल न झाल्यास, २० जानेवारी २०१५ पर्यंत लायबेरिया व सिएरा लिओन या दोन देशांत, नोंद न झालेले धरून, १४ लाखांपर्यंत रोगी होतील. प्रत्यक्षांत साथ संपेपर्यंत गिनी धरून तिन्ही देशांत नोंदलेले रोगी सुमारें २८,६०० होते. केवढें हें अंतर! परंतु त्याच अंदाजांत असेंही म्हटलें होतें, कीं शंभरांतील सत्तर रोग्यांची सोय इतरांपासून वेगळी व सुरक्षित रीतीनें झाली, तर साथ आटोक्यांत येईल. वाचणाऱ्यांनीं 'तर' तेवढें लक्षांत ठेवलें, आणि 'जर' विसरून गेले. वाटेंत पूल खचला आहे, असें सांगून कोणी गाडी थांबविली, व अपघात टळला, तर त्यास खोटा कोण म्हणेल?

तथापि आम्ही गणितज्ञांची वकिली करण्यास बसलों नाहीं. आरंभींची दुपटीची चाल तशीच पुढें महिनोन्महिने ओढीत नेणें, हा दोष त्यांच्याकडून घडतो. माणूस म्हणजे समीकरणांतील मुकें अक्षर नव्हे. शेजारच्या घरीं मृत्यु झालेला पाहून तो स्वतःच सावध होतो, हात धुतो, गर्दी टाळतो, आणि समीकरण बदलून जातें. म्हणून आरंभींचे अंदाज हे पुढच्या चार-दोन आठवड्यांचा रस्ता दाखविणारे कंदील समजावे. त्यांच्या उजेडांत वर्षभराची वाट दिसेल, अशी अपेक्षा करूं नये.

आतां आम्हांस मुख्य सांगावयाचें आहे त्या गोष्टीकडे वळतों. या साऱ्या हिशेबाचें मुदल कोणतें? घराघरांतून बाहेर आलेली खरी बातमी, हेंच त्याचें मुदल. घरांत रोगी असून तो लपविला, तर जगांतील मोठ्यांत मोठ्या गणितज्ञाचें उत्तरही खोटें ठरेल. आणि रोगी कां लपविले जातात, याचें उत्तर आपल्याच इतिहासांत आहे. सन १८९७ मध्यें पुण्यास प्लेगच्या बंदोबस्तासाठीं सोल्जरांकरवीं घरझडत्या घेण्यांत आल्या. माणसें इस्पितळांत व छावण्यांत नेलीं जाऊं लागलीं, सामानसुमान जाळलें जाऊं लागलें, तेव्हां लोक भयानें आजारी माणूस माळ्यावर दडवूं लागले, व झालेला मृत्युही झांकूं लागले. जुलमानें रोग हटला नाहीं. मोजणी मात्र बिघडली. त्याच वर्षीं त्याच पुण्यांत सावित्रीबाई फुले यांनीं प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करीत असतां १० मार्च रोजीं देह ठेविला. जेथें अशी माया दिसते, तेथें माणूस आपला रोग उघड सांगावयास भीत नाहीं.

सन २०२० मध्यें सोल्जर नव्हते. पण शेजाऱ्यांची वक्र नजर होती. ताप आला हें कळलें तर वाडींत, चाळींत, सोसायटींत आपणांस वाळींत टाकतील, या भीतीनें कित्येकांनीं तो ताप चार दिवस अंगावर काढला. आरंभींचे ते चार दिवस म्हणजे अर्धी दुप्पट! ज्या घरानें रोग लपविला त्याचा दोष आहेच. परंतु ज्या शेजारानें त्यास लपविण्यास भाग पाडलें, त्याचा दोष आमच्या मतें अधिक आहे. तेव्हां अधिकाऱ्यांनीं विश्वास मिळवावा, शेजाऱ्यांनीं दया दाखवावी, आणि कुटुंबांनीं खरें सांगावें. या तिन्ही गोष्टी केवळ नीतीच्या नसून गणिताच्याही आहेत.

पालकांस आमची एवढीच विनंति, कीं पुढें केव्हां अशी वेळ आली, तर घरांतील आजार लपवूं नये, दुसऱ्याच्या घरांतील आजाराची कुचेष्टा करूं नये, आणि वर्तमानपत्रांत आकडा वाचतांना त्याचें खालचें व वरचें टोक काय, व त्यामागील 'जर' कोणता, हें मुलांकडून वाचवून घ्यावें. विद्यार्थ्यांस आम्ही सांगूं, कीं भूमितिश्रेढी व चक्रवाढ व्याज हे धडे परीक्षेनंतर विसरण्याचे नव्हेत. तुमच्यांतील एखादा पुढें डॉक्टर होईल, एखादी नगरपालिकेंत अधिकारी होईल, एखादा गांवच्या ग्रामपंचायतींत जन्ममृत्यूची नोंदवही लिहील. त्या नोंदवहीचें काम क्षुल्लक समजूं नका. त्या खेड्यांतील विहीर सांपडली, ती केवळ ८६ रोगी मोजल्यामुळें नव्हे. ज्या १६८ घरांत कोणीच आजारी नव्हतें, त्या घरांच्या दारींही कोणीतरी जाऊन विचारलें होतें, आणि त्यांच्यापुढें प्रामाणिकपणें शून्य लिहिलें होतें.